फायलीच्या पोटातली ओळ

ब्रह्मपुरीच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत कय्यूमभाईंचा कारखाना आहे. कारखाना ही म्हणायची पद्धत. एरवी ती एक लांबट खोली, तिच्यावर दोन खोल्यांचं घर, आणि घरातून खाली येणारा जिना थेट कारखान्याच्या मधोमध. वरच्या माणसाला रस्त्यावर जायचं तर कय्यूमभाईंच्या टेबलाला वळसा घालूनच जावं लागतं. त्यांची पुतणी नाहीद लहानपणापासून त्याच जिन्याने चढते-उतरते. मधली काही वर्षं ती हैदराबादला नोकरीला होती, तेवढाच काय तो खंड.

तिची आई कनीज हिला लकवा मारला तेव्हा नाहीद महिनाभराची रजा टाकून घरी आली, ती राहिलीच. वडील आधीच गेलेले. चाचा म्हणाले, “बेटा, कॉम्प्युटर तं इथी बी चालते.” चालतो, यात खोटं काही नव्हतं. पण ब्रह्मपुरीत एखाद्या मुलीला कॉम्प्युटर येतो म्हणजे तिने सातबाराही काढून द्यावा, मोबाईलही उघडून बघावा आणि आधारकार्डावरचा भुतासारखा आलेला फोटोही बदलून द्यावा, अशी लोकांची समजूत असते. आलेल्या कुणाला नाही म्हणायची सोय नव्हती, कारण दारात आलेला माणूस चाचांचा कुणीतरी लागायचाच. हैदराबादच्या कंपनीने दोनदा बोलावणं धाडलं. तिसऱ्यांदा धाडलं नाही.

मग चाचांच्या डोक्यात भोंगा शिरला. कय्यूमभाईंची तरुणपणची सगळी वर्षं वडस्याच्या नाटक कंपन्यांचे माइक आणि भोंगे लावण्यात गेलेली. घरात हिंदी बोलणारा हा माणूस कामाचं किंवा रागाचं बोलायला लागला की इकडच्या झाडीबोलीवर यायचा, ते त्या मांडवांमुळेच. नाटकांना मोठाले स्पीकर आले आणि त्यांचे जुने भोंगे माळ्यावर धूळ खात पडले. इकडे जंगलालगतच्या गावांत वाघ शिवेवर यायचा, जनावरं जायची, कधी माणूसही जायचा. चाचा म्हणाले, खांबावर पेटी लावू. अंधारात काही मोठं, जिवंत, हलणारं जंगलाकडून गावाकडे आलं की पेटीने ओळखावं, दिवा लावावा आणि भोंगा वाजवावा. पेटी चाचांनी बनवली, तिचा मेंदू नाहीदने.

काम जमलं. एका गावात लागली, मग शेजारच्या गावाने मागितली. आणि एक गोष्ट अशी झाली की जिचा विचार कुणी केला नव्हता. पेटी नव्हती तेव्हा बायका झुंजूमुंजूला बाहेर पडायच्या त्या चौघी मिळून, टाळ्या वाजवत, मोठ्याने बोलत. पेटी आली आणि लोक नुसते कान देऊन ऐकायला लागले. भोंगा वाजला नाही म्हणजे रस्ता मोकळा. बाई एकटीसुद्धा निघायची.

आता नाहीदचं काम काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही. प्रोग्राम लिहिणं वेगळं आणि तो यंत्राच्या गळी उतरेल असा करणं वेगळं. हे दुसरं काम कंपायलर करतो. त्याला हुकूम देताना माणूस चार गोष्टी जोडून सांगतो, हे घे, ते वगळ, अमुक भाग चालू ठेव, तमुक बंद. गिरणीवाल्याला आपण सांगतो ना, हे बारीक दळ, ते जाडसर, तसंच. दळण घरी आलं की गिरणीवाल्याला काय सांगितलं होतं हे पिठावर लिहिलेलं नसतं. तयार फायलीचंही तेच. तिच्या तोंडाकडे बघून काही कळत नाही. मात्र कंपायलरला आधीच बजावून ठेवलं, की बाबा रे, तुला जे जे सांगितलं ते शब्द न् शब्द या फायलीच्या पोटात लिहून ठेव, तर तो तेवढं इमानाने करतो.

नाहीदला ही सवय लावली हैदराबादच्या कंपनीतल्या नीलिमा मॅडमनी. तिथे एकदा ग्राहकाकडे गेलेली फाईल बिघडली आणि ती नेमकी कोणत्या हुकमाने बनली हे कुणालाच आठवेना. सगळी तुकडी एकमेकांकडे बोट दाखवत बसली. त्यानंतर मॅडमनी सक्तीच केली. नाहीदने नोकरी सोडली तरी ही सवय सोडली नाही. ब्रह्मपुरीच्या गल्लीत बसून भोंग्याचा प्रोग्राम बनवतानाही ती ओळ फायलीत जायचीच. त्या गावात ती वाचणारं दुसरं कोणी नव्हतं, पण माणूस एकटा असला म्हणून दात घासायचे सोडतो का, असं तिचं म्हणणं.

पेट्या खांबावर चढवायचा पोचू. जंगलाच्या कडेच्या पळसटोल्याचा, दोन एकर धानाचा धनी, हाताला स्थिर आणि झाडावर चढायला माकड. तो आला की चहा होई. एकदा पेटीत घालायचं मेमरी कार्ड हातात घेऊन त्याने विचारलं, “बाई, या एवढ्याशा कार्डात काय भरता तुमी?” नाहीदने हौसेने सगळं दाखवलं. फायलीच्या पोटातली ओळसुद्धा काढून दाखवली. म्हणाली, “हे पाहा पोचूभाऊ, मी हिले बनवताना काय काय सांगतलं, थे हे फाईल सोता सांगते.”

“म्हंजे तुमी इसरल्या तरी थे इसरत नाई.”

“नाई इसरत.”

पोचूला हे फार आवडलं. त्याने हे गावात जाऊन दहा जणांना सांगितलं.

थंडी पडली, धान घरात आलं, आणि पळसटोल्यात मंडई, म्हणजे सुगीनंतरची जत्रा, ठरली. मंडई म्हणजे नाटक आलंच. गावचे वामनराव, नाटक मंडळाचे अध्यक्ष, एका सकाळी कारखान्यात येऊन बसले. म्हणाले, “कय्यूमभाई, तुमच्या भोंग्याचं काहीतरी करा. मागच्या साली हिरोइनीचा बाप मरून राह्यला होता, सारे लोकं रडून राह्यले होते, आनि तुमचा भोंगा सुरू झाला. मेलेला बाप उठून पडद्यामागं पयाला.”

कय्यूमभाई पोट धरून हसले. म्हणाले, “बंद ठेवा ना एक रात.”

“बंद केला तं दिवा बी जाते. धुऱ्याबांधानं लोकं येतेत, बैलबंड्या येतेत. दिवा पायजे. फक्त भोंगा नोको.”

हा प्रश्न नाहीदसाठी किरकोळ होता. प्रोग्रामात तिने आधीच सोय ठेवली होती. कंपायलरला हुकूम देताना ‘मुका’ एवढा एक शब्द जास्त जोडला की पेटी सगळं करणार, दिवा लावणार, फक्त भोंगा वाजवणार नाही. तिने ठरवलं, पोचूला दोन कार्डं द्यायची. एक मुकं, नाटकापुरतं. दुसरं बोलकं, नाटक आटोपलं की सकाळी परत घालायला. त्याच सकाळी दिव्याच्या लुकलुकण्यातली एक खोड तिने दुरुस्त केली होती, त्यामुळे दोन्ही फायली नव्याने बनवणं आलं. मुकं कार्ड तिने लाल कागदात गुंडाळलं, बोलकं पांढऱ्या. फायलींचं नाव मात्र दोन्हीकडे एकच, कारण पेटी दुसरं नाव ओळखतच नाही.

नाटक झकास झालं. यंदा मेलेला बाप शेवटपर्यंत मेलेलाच राहिला. उजाडल्यावर पोचू खांबावर चढला, कार्ड बदललं, पेटीवरचा छोटा हिरवा दिवा लागला तो बघून उतरला. हिरवा दिवा लागला की पेटी ठीक, हे त्याला नाहीदनेच शिकवलेलं. त्यानंतरच्या रात्री शांत गेल्या. लोक म्हणाले, एवढ्या गडबडीने वाघ दुसरीकडे गेला असेल.

वाघ गेला नव्हता. एका पहाटे पोचूची बायको सुगंधा लाखोळीची भाजी खुडायला बांधीत, धान कापलेल्या शेतात, गेली. घराबाहेर उभं राहून तिने आधी कान दिला होता, हे शेजारणीने पाहिलं होतं. भोंगा वाजला नव्हता, आणि खांबावरचा दिवा तिच्या दारातून दिसत नव्हता. ती एकटीच गेली.

तिचं जे झालं ते इथे सांगायचं कारण नाही. गाव गोळा झालं, वनखात्याचे लोक आले, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न आला, की भोंगा का वाजला नाही. पोचू त्या वेळी बायकोच्या उशाशी बसला होता. त्याने मान वर केली आणि तो म्हणाला, “माह्याच हातून झालं. दोन्ही कार्डं माह्या खिशात होते. घामानं कागदं सुटले. मी मुकंच परत घातलं असन.”

असन. एवढ्या एका ‘असन’वर सगळं मिटलं. वामनरावांना हायसं वाटलं, कारण भोंगा बंद करायचा हट्ट त्यांच्या मंडळाचा, हे आता कुणी काढणार नव्हतं. गावाला हायसं वाटलं, कारण चूक कुणाची हे कळलं की माणसाला रात्री झोप लागते. पोचूची मुलगी पुनम ब्रह्मपुरीत वसतिगृहात राहून शिकायची, ती आली. आईचं ऐकलं, मग बापाचं ऐकलं, आणि त्या दिवसापासून तिने बापाच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

नाहीदनेही ऐकलं आणि तिलाही वाटलं, बिचाऱ्या पोचूभाऊंची गफलत झाली. तिला वाईट वाटलं, पण ते परक्याचं वाईट वाटणं होतं. दुसऱ्या दिवशी चाचा म्हणाले, वनखात्याचे साहेब विचारतात पेटीत प्रोग्राम कोणता होता, जरा बघून ठेव. ती कॉम्प्युटरसमोर बसली. त्या सकाळची शेवटची फाईल तिच्याकडे होतीच. आधी मुकी बनवली होती, नंतर बोलकी, म्हणजे शेवटची ती बोलकी असणार. तिने सहज म्हणून पोटातली ओळ काढली.

ओळीत ‘मुका’ होतं.

तिने पुन्हा काढली. ओळ तीच आली. मग तिला ती सकाळ आठवायला लागली, आणि नको तेवढी आठवली. पहिलं कार्ड भरून झालं होतं. वरून आईने पाणी मागितलं होतं. ती वर गेली, आईला बसतं केलं, पाणी पाजलं, तिची ओढणी ओली झाली ती बदलली, आणि खाली आली. मग कॉम्प्युटरवर मागचा हुकूम परत आणायची जी कळ असते ती दाबली. मागचा हुकूम आला, ‘मुका’सकट आला. तो एक शब्द खोडायचा होता. तिने न खोडता पुढची कळ दाबली. सारा मामला एवढाच. पांढऱ्या कागदातलं कार्डही मुकंच होतं. पोचूने लाल घातलं की पांढरं, याने काडीचाही फरक पडणार नव्हता.

  कय्यूमभाई मागे येऊन कधी उभे राहिले ते तिला कळलं नाही. त्यांना पडद्यावरचं वाचता येत नव्हतं, पण पुतणीचा चेहरा वाचता येत होता. तिने सगळं सांगितलं.

 ते म्हणाले, “थे ओळ पुसता येते का?”

“येते.”

“मंग पूस.”

“चाचा, पोचूभाऊ सोताले गुन्हेगार समजून राह्यले.”

“समजून राह्यला. मले का समजत नाई? त्याच्या घरी मी जेवलो हावो.” कय्यूमभाई खुर्ची ओढून बसले. “पन आयक. उद्या तू म्हनशीन का चूक माही हाय, तं लोकं नाहीदची चूक म्हनतीन का? कय्यूमच्या घरातली म्हनतीन. आपलं नाव काय हाय, आपन कोनत्या गल्लीत रायतो, हे एरवी कोनाले आठवत नाई. अशा वक्ती आठवते. आनि बाकीच्या गावातल्या पेट्या? थ्या बी काढून फेकतीन. तिथी वाघ आला तं कोनाच्या नावावर?”

पहिल्या म्हणण्यावर तिला राग आला असता, पण ते खरं होतं. दुसरंही खरंच होतं. चाचा काही लबाड माणूस नव्हते. लबाड असते तर सोपं झालं असतं. ते घाबरले होते, आणि त्यांच्या भीतीत तिच्या आईचं औषध होतं, जिना होता, छप्पर होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावायचं कुणाला?

तिने ओळ पुसली नाही. आणि ती बोललीही नाही. इकडे आड, तिकडे विहीर, अशा जागी माणूस उभा राहतो तेव्हा तो काही ठरवत नाही, नुसता उभा राहतो, आणि उभं राहणं हेसुद्धा एक करणंच असतं हे त्याला फार उशिरा कळतं. सकाळी उठावं, आईचं करावं, खाली यावं. चाचांच्या टेबलाला वळसा घालून दारापर्यंत जावं आणि दारातून परत फिरावं. बाहेर जाऊन तरी कुणाला काय सांगणार होती? ‘कुठी चालली?’ असं चाचा विचारत नसत. नुसती तारांना डाख द्यायची सोल्डरची कांडी उचलून धरत, ती परत फिरेपर्यंत. जेवताना दोघं भाजीबद्दल बोलत. मीठ कमी आहे, वांगी कोवळी आहेत. लोक घरी येऊन हळहळत, पोचूला नावं ठेवत, आणि ती चहाचे कप आत-बाहेर करत ऐकून घेई. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो. फरक एवढाच की इथे तोंड दाबणारा हात तिचाच होता.

कधी रागाने तिला वाटे, ही ओळ लिहून ठेवायची अवदसा मला कुठून आठवली? नसती लिहिली तर मलाही कळलं नसतं. गावासारखीच मीही पोचूभाऊंना दोष देऊन झोपले असते. नीलिमा मॅडमचासुद्धा राग आला तिला. जिने चांगलं शिकवलं तिचा राग येतो, म्हणजे माणूस किती कोंडला गेला असेल.

एकदा तिने चाचांना न विचारता पळसटोल्याला लावायचं बोलकं कार्ड नव्याने बनवून, दहादा तपासून, दुसऱ्या माणसाच्या हाती पाठवलं. तो परत घेऊन आला. गावाने पेटी खांबावरून उतरवली होती. आता पुन्हा चौघीचौघी टाळ्या वाजवत जातात, असं त्याने सांगितलं.

तेरवी होऊन गेली. त्यानंतर एका दुपारी, बाजार पांगायच्या वेळी, पोचू कारखान्याच्या दारात उभा राहिला. डोकं भादरलेलं, गालफडं बसलेली. त्याच्यामागे रस्त्यावर पुनम उभी होती, आत न येता. नाहीद नेमकी खालीच होती, तारा सोलत.

“बसा पोचूभाऊ,” ती म्हणाली. 

तो बसला नाही. त्याने सदऱ्याच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर सोडली. आत दोन कार्डं होती. एकाला काळा दोरा बांधला होता. “बाई, हे दोरावालं पेटीतून निंगालेलं. हे दुसरं माह्या खिशात राह्यलेलं. तुमी म्हनल्या होत्या, फाईल सोता सांगते. वाचा. पेटीतलं मुकं निंगालं आनि हे बोलकं निंगालं, तं माही चूक पक्की. मंग पोरगी जे म्हनन थे मले कबूल.” त्याने मागे पाहिलं. “थे म्हनते, तू ‘असन’ म्हनतोस, मले ‘असन’ नोको. मले खरं पायजे.”

कय्यूमभाई उठले. म्हणाले, “पोचू, कार्डाले दव लागलं असन. दव लागल्यावर काही वाचता येत नाई. हाय ना नाहीद?”

त्यांनी तिला वाट काढून दिली होती, आणि ती वाट खरोखर मोकळी होती. हो म्हटलं असतं तर संपलं असतं. त्याहून सोपं म्हणजे कार्ड लावून काहीही वाचून दाखवायचं. समोरच्या तिघांपैकी कुणालाही त्या ओळीचा अर्थ लागणार नव्हता. ती जे म्हणेल ते खरं ठरणार होतं. नाहीदला त्या क्षणी सगळ्यात जास्त भीती वाटली ती याचीच.

तिने दोऱ्याचं कार्ड लावलं. ओळ काढली. बोट ठेवून पुनमला म्हणाली, “आत ये. इथी पाहा.”

पुनम उंबरठ्यापर्यंत आली.

“इथी ‘मुका’ लिहिलं हाय. पेटीत मुकं कार्ड होतं.”

पोचूने मान हलवली. जे ऐकायला आला होता ते त्याने ऐकलं होतं. तो रुमाल उचलायला लागला.

“थांबा भाऊ. दुसरं राह्यलं.”

“नाहीद,” कय्यूमभाई हळूच म्हणाले. त्यात दटावणी नव्हती, विनवणी होती, आणि ती तिला जास्त लागली.

तिने दुसरं कार्ड लावलं. ओळ आली. पुनम आता तिच्या खांद्याशी उभी होती. तिला इंग्रजी अक्षरं येत होती. तिने दोन्ही ओळी एकीखाली एक पाहिल्या आणि म्हणाली, “दोन्हीत सारखंच हाय.”

“हो. दोन्ही मुकेच,” नाहीद म्हणाली. “पांढऱ्या कागदात बोलकं द्याचं होतं. थे बी मी मुकंच करून देल्लं. तुह्या बाबानं कोनतं बी घातलं असतं तरी भोंगा वाजला नसता. त्याईच्या हातून काही झालं नाई. माह्या हातून झालं.”

 कय्यूमभाई खाली बसले आणि त्यांनी सोल्डरची कांडी बंद केली.

“परत वाचा,” पोचू म्हणाला.

तिने परत वाचलं. अक्षर अक्षर सोडवून वाचलं. तो जमिनीवर उकिडवा बसला, दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून, आणि त्याला हुंदका फुटला. इतके दिवस गावाने त्याला चुकीबद्दल माफी मागताना पाहिलं होतं. बायको गेली म्हणून रडायला त्याला आज पहिल्यांदा मोकळीक मिळाली. पुनम त्याच्या शेजारी बसली. तिने बापाच्या भादरलेल्या डोक्यावर हात ठेवला आणि ‘बाबा’ एवढंच म्हणाली, दोन-तीनदा म्हणाली.

नाहीद उभीच होती. बोललो की छातीवरचं ओझं उतरेल, असं तिला वाटत आलं होतं. ते उतरलं नाही. ती म्हणाली, “मी साहेबाले लिहून देतो. गावात बी येतो, वामनरावासमोर सांगतो. जे होईन थे होईन.”

पोचूने तोंड पुसलं. त्या दोन कार्डांकडे पाहिलं. मग त्याने साध्या आवाजात विचारलं, “बाई, तुमाले हे कई समजलं?”

हा प्रश्न येईल हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आत्ताच, कार्ड लावल्यावर, असं तिला म्हणता आलं असतं. एवढं सगळं सांगून झाल्यावरही तिथे एक खोटं शिल्लक होतं, आणि ते कोणत्याच फायलीत सापडलं नसतं.

“सुगंधावहिनी गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी,” ती म्हणाली.

पुनमचा हात बापाच्या डोक्यावर थांबला. पोचूने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी.

“हात चुकते बाई,” तो म्हणाला. “माहा नाई का चुकत? धान कापताना चुकते, खांबावर चुकते. त्याचं काही नाई.” त्याने दाराबाहेरच्या गल्लीकडे पाहिलं. “पन तेरवीचं सामान घ्याले आल्तो मी इथी. याच गल्लीतून गेलो. तुमी वर खिडकीत होत्या. मी तुमाले नमस्कार केला. म्हनलं, माह्या गफलतीनं बाईच्या कामाले बट्टा लागला.”

नाहीदला ते आठवत होतं. डोक्यावर तांदळाचं पोतं घेतलेला पोचू गल्लीत थांबला होता, एका हाताने पोतं सावरून दुसरा हात त्याने कपाळाला लावला होता. ती पडद्याआड सरकली होती.

पुनम उठली. तिने दोन्ही कार्डं रुमालात बांधली आणि पुरचुंडी स्वतःच्या मुठीत घेतली. बापाला दंडाला धरून उभं केलं.

“चाल बाबा,” ती म्हणाली. “काळीपिवळी जीप सुटन.”